साळ्याचा ओठ

माझ्या साळ्याइतका हट्टी ओठ अख्ख्या नागपुरात कोणाचा नसेल. ऊन लागलं, ताप आला, झोप मोडली, की खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पाणीदार पुळ्यांचा घोस उठलाच. लोक त्याला 'जर' उठला म्हणतात. इतवारीतल्या भांड्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी भाव करता करता हा त्यावर हाताला लागेल ते चोपडायचा. चुना, तूप, एकदा तर पितळ घासायची चिंच. स्वतःच्या लग्नात ओठाला पांढरं दंतमंजन लावून उभा राहिला. सगळ्या फोटोंत नवरदेव दात घासता घासता पळून आल्यासारखा दिसतो. डॉक्टरनं मलम दिलं, चुणचुण सुरू होताच लाव म्हणाला. यानं ते कपाटात ठेवलं. "लहान फोडावर काहून खराब करू जी? मोठा येईल तवा लावीन." पण माणूस मायेचा. दिसेल त्या लेकराचा मुका घेतल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून याचा एक फोड सुकत नाही तोच दुसरा. मागून आम्हाला नात झाली. माझ्या पोराला बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान यानं मागून घेतला. सुनेला धास्ती, तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ओठावर असा फोड असलेल्याचं तोंड तान्ह्या बाळाला लागलं, तर जिवावर बेतू शकतं.

बारशाला हा आला तो ओठावर ताजा फोड घेऊन. सरळ पाळण्याकडे निघाला. मी दारात आडवा झालो.

"काहून अडवून राहिले जी भाऊजी?"

"जवळ जायचं नाही. लेकराच्या जिवाले धोका हाय."

"आजवर इतक्या पोरांचे मुके घेतले. कोणाले काय झालं?"

"हे तान्हं हाय गा."

"माह्या बहिणीची नात हाय. ते असती तर अडवलं असतं मले?"

"तिनं चपलेनं हाणलं असतं तुले."

बायकांनी पाळण्याची दोरी सोडली. सुनेनं पोरीला पदराखाली घेतलं. त्याचे डोळे भरले, मूठ वळली. आता ढकलतो मला, असं वाटलं. मग तो मागे सरला, उंबऱ्याबाहेर बसला, तोंडावर दुपट्टा बांधला.

"इथूनच सांगतो मंग."

आणि मोठ्यानं हाक मारली, "सुमन. ओ सुमन."

आजीचंच नाव ठेवलं होतं पोरीला. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. मी जन्मभर 'अवं' म्हणूनच बोलावलं. ती गेल्यावर घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. पोर दचकून रडू लागली, बायका हसल्या. माझी नजर मात्र आपसूक स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, आणि बराच वेळ तिथंच राहिली.