भिंगवाल्या मामांचं फूल

आमचे मामा तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग आणि एक वही विकत घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ते वनस्पतितज्ज्ञ झाले. लोक अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात. मामांना पाव हळकुंडसुद्धा पुरतं.

मागच्या रानात, झाडांच्या सावलीत एक जांभळं फूल उगवतं. त्याला पाच पाकळ्या. मामांनी ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. चित्रात पाकळ्या सहा होत्या. "चित्रकार चुकलाय," मामा म्हणाले आणि फुलाची ओळख पटली.

राहिला पारंपरिक उपयोग. त्यासाठी मामा मला ओढत रानात घेऊन गेले आणि सरपण गोळा करणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी गाठलं. "आजी, हे फूल कशाला वापरतात हो?"

"वाटून गुडघ्याला लावतात."

मामांनी लगेच लिहिलं : 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान.'

मी आपलं विचारलं, "गुण येतो का?"

"कसला गुण! आठवडाभर खाज सुटली. आमच्यात याला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. पण गेल्या वर्षी एक भिंगवाले साहेब सांगून गेले. म्हटलं, शिकलेला माणूस आहे." म्हातारीने मामांना नीट न्याहाळलं. "अगं बाई, तुम्हीच की ते!"

मामांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले. पण ते लिहीत होते : 'दुसरा उपयोग : खाजेपासून सुटका.'