बुर्गलने काढलेला डोंगर

नोटबुर्गा हे तिचं चर्चच्या वहीतलं नाव. खोऱ्यात मात्र सगळे तिला बुर्गल म्हणतात, आणि पाद्र्यापासून पोरासोरांपर्यंत सगळे अगं-तूगंच करतात. आमच्याकडे हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही. अठ्ठावीस वर्षं तिने पोस्टाची बस चालवली, खालच्या स्टेशनापासून खोऱ्याच्या टोकापर्यंत. आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस आपल्या थांब्यावर बरोबर जागा व्हायचा.

तिचं नाव झालं ते मात्र चित्रामुळे. आता चित्र म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात टांगायचं नव्हे, कामाचा कागद. एका नोव्हेंबरात सकाळच्या फेरीला स्की घेतलेली पाच माणसं तिने शेवटच्या थांब्यावर सोडली. संध्याकाळी चौघेच चढले. पाचवा तीन दिवसांनी घसरून आलेल्या बर्फाखाली सापडला. बचाव पथकाच्या लोईसने नंतर तिला सांगितलं ते एवढंच, की वरच्या नव्या बर्फाचा काही दोष नव्हता. दोष होता खालच्या ऑक्टोबरच्या बर्फाचा.

ऑक्टोबरात पहिला हलका बर्फ पडतो. उन्हाच्या अंगाला तो चार दिवसांत वितळतो आणि ब्याद टळते. सावलीच्या अंगाला मात्र तो तसाच पडून राहतो, थंडीत आतून नासतो, आणि त्याची जाडसर साखर होते. मग नोव्हेंबरात दीड हात नवा बर्फ येऊन त्यावर बसतो, आणि माणसाचं वजन पडलं की साखरेवरून सगळा थर माणसासकट खाली घसरतो. सगळा डोंगर सारखाच पांढरा दिसतो, आणि कुठे खाली गवत आहे नि कुठे साखर, ते देवालाच ठाऊक. देवाला आणि बुर्गलला. कारण त्या वर्षापासून दर दोन नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या दिवशी, कबरींवरचे दिवे अजून जळत असतानाच, ती समोरच्या उन्हाच्या डोंगरावर उन्हाळी गोठ्यांपर्यंत चढायची, बाकावर बसायची, आणि सावलीचा डोंगर कागदावर उतरवायची. जुना बर्फ असेल तिथे निळी पेन्सिल, नसेल तिथे कोरं. तो कागद विन्सेंझच्या बेकरीत पावांच्या फळीशेजारी लागायचा. डोंगरात जाणारा प्रत्येक जण पाव घेताना कागद वाचून जायचा. एकतीस वर्षं. म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघच होऊन बसली.

आता या वर्षाचं सांगतो. सप्टेंबरात बुर्गलचा गुडघा बदलला. डॉक्टरने बजावलं होतं, नाताळापर्यंत चढ नाही. दोन नोव्हेंबरला तिने दुर्बीण घेतली, चर्चच्या आवाराच्या भिंतीवर बूड टेकलं आणि तिथूनच डोंगर काढला. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. तिथून सगळं दिसतं, फक्त रोसकार दिसत नाही. डोंगराच्या खांद्याआड लपलेली वाटीसारखी खोलगट जागा आहे ती. ऑक्टोबर यंदा उबदार गेला होता, आधीची तीन वर्षं या तारखेला रोसकार उघडंच होतं, तेव्हा यंदाही असणार, असं धरून तिने ते कोरं सोडलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. गुडघा दुखतो हे तोंडाने म्हणायची तिला भारी चीड. मी तिचा कितीही चाहता असलो तरी हे लपवणार नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस वाऱ्यासकट बर्फ कोसळला. शनिवारी आभाळ स्वच्छ. सकाळी सात वाजता बुर्गल बेकरीत राय धान्याचा पाव घेत होती. कोपऱ्यात गीडी शिकारी कॉफी पीत उभा होता. हा माणूस बुर्गलची टोपी उडवल्याशिवाय घोट गिळत नाही.

"बुर्गल, डोळ्यांचंही ऑपरेशन करून घे," तो कागदाकडे हनुवटी करत म्हणाला. "रोसकार कोरं ठेवलंस ते."

"कोरं होतं म्हणून कोरं."

"मग मी रानबकरा कशावरून खाली आणला? मृतांच्या दिवशीच पहाटे मारला मी तिथे. एकटा होतो. बर्फावरून आपला आपण घसरत आला बिचारा, मला हातसुद्धा लावावा लागला नाही."

"गीडीचा बर्फ दर सांगण्याला वीतभर वाढतो," काउंटरमागून विन्सेंझ म्हणाला.

"शपथ घेऊ का? गुडघाभर होता. आणि पाय टाकला की साखरेच्या पोत्यात टाकल्यासारखा आत."

बुर्गलने पाव परत काउंटरवर ठेवला. "दोन तारखेला? नक्की?"

"अगं, चर्चची घंटा ऐकू येत होती तुमची."

विन्सेंझच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याची व्रोनी, एकुलती एक मुलगी, मैत्रिणीला घेऊन सहाला निघाली होती. कुठे, ते त्याला विचारायचीही गरज नव्हती. रात्री जेवताना ती कागदाचा फोटो बघत म्हणाली होती, सावलीच्या डोंगरात रोसकार अख्खं कोरं आहे, तिथेच जाऊ.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बुर्गल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कागद चुकलाय. मी यंदा वर गेलेच नव्हते. रोसकार मी न बघता काढलं."

आता गंमत बघा. कुणाचा विश्वासच बसेना. शाळेतली बाई म्हणाली, "तू आणि चूक? काहीतरीच काय." रांगेतला स्कीवाला तर तिलाच समजावू लागला, की एकतीस वर्षांत कागद कधी चुकला नाही, गीडीचीच जागा चुकली असेल. बुर्गलने कागद भिंतीवरून ओढला आणि त्याच्यादेखत फाडला. "ज्यांच्याकडे फोटो आहे त्यांनी तोही पुसा. विन्सेंझ, लोईसला फोन लाव, पथक तयार ठेवायला सांग. गीडी, तुझी स्कूटर काढ."

गीडीकडे हरणांना चारा न्यायची बर्फावरची स्कूटर आहे. खांद्याआड फोन लागत नाही, म्हणून बुर्गल मागे बसली आणि दोघं जंगलातून वर निघाली. प्रत्येक खड्ड्याला तिचा नवा गुडघा जीव घेत होता. तिला व्रोनीची आई आठवत होती, बसमध्ये तान्ह्या व्रोनीला मांडीवर घेऊन बसलेली. पोरीला काही झालं तर विन्सेंझला कोणत्या तोंडाने भेटायचं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

चाऱ्याच्या कोठारापाशी जंगल संपतं. तिथून वर रोसकारचं तोंड दिसतं. दोन ठिपके नेमके त्या तोंडाशी उभे होते. त्यातला पुढचा आत वळत होता.

बुर्गल स्कूटरवर उभी राहिली आणि तिने हाक मारली. "व्रोनी, थांब! कागद चुकलाय! खडकावरून उतर!"

अठ्ठावीस वर्षं बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज तो. ठिपके थांबले. एका ठिपक्याने हात वर केला, आणि दोघी वळल्या. वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या खडकाळ धारेवरून, स्की खांद्यावर टाकून, एकेक पाऊल टाकत त्या खाली आल्या. त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बुर्गल उभीच होती. मुली हातभर अंतरावर आल्या तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती चाऱ्याच्या पोत्यावर बसली.

"खणून नाही बघितलं गं?" तिने विचारलं. रागाने नव्हे, रडू आवरत.

"बघितलं ना," व्रोनी म्हणाली. "तोंडाशीच खणलं. खाली सगळी साखर. मुठीत घेतली तर बोटांतून गळत होती."

"मग?"

"मग काय, तुझ्या कागदावर कोरं होतं. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

सगळी खाली बेकरीत आली. विन्सेंझने मुलीला पिठाच्या हातांनी कवटाळलं आणि मग बुर्गललाही कवटाळायला आला, तर ती बाजूला सरली आणि घरी गेली.

सोमवारी बेकरीत नवा कागद लागला. त्यावर डोंगराची नुसती बाह्यरेषा होती, आणि शेजारी दोरीला बांधलेली निळी पेन्सिल. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: जिथे तुम्ही स्वतः पाय ठेवलात, तेवढंच रंगवा. पहिल्यांदा गीडीने रोसकार रंगवलं, इतक्या जोरात की टोक मोडलं. मग व्रोनीने रोसकारच्या तोंडाशी, खणलं होतं तिथे, तारीख घातली. नाताळापर्यंत निम्मा डोंगर निळा झाला होता, वेगवेगळ्या हातांचा, कुठे गिचमिड तर कुठे नीटस.

एके दिवशी शाळेतली बाई पाव घेता घेता म्हणाली, "बुर्गल, उरलेला तू भरून टाक ना. तुला तर डोळे मिटूनही सगळा पाठ आहे."

"मी कुठे गेलेय यंदा?" बुर्गल म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढून ती परत दोरीला सोडून दिली.