भिंगाखालचं औषध

आमच्या शेजारच्या जमादारकाकांइतका संशयी माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल, आणि झालाच असेल तर काकांनी त्याच्यावरही पाळत ठेवली असेल. दारूबंदी खात्यातून निवृत्त होऊन ते वाईला राहायला आले, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नव्हतं. कुणी उदबत्ती लावली तरी काका दारात उभे राहून हुंगायचे. आमच्या परसात अंबाडी उगवली तेव्हा कुंपणावरून वाकून त्यांनी पान तोडलं, कारण अंबाडी आणि गांजा लांबून सारखेच दिसतात. चावून तोंड वाकडं केलं नि म्हणाले, "आंबट हाय. सुटलासा, मास्तर." तेव्हापासून आमच्याकडे अंबाडीची भाजी शिजली की एक वाटी त्यांच्याकडे जायची, पुराव्यादाखल. तीही ते आधी हुंगायचे.

कायदा मात्र तोंडपाठ. "झाड एकच, मास्तर. निसतं पान म्हंजी भांग, परवाना असंल तर वैद्याला चालती. फुलाचा शेंडा आला की गांजा. मग थेट आत." मी जन्मात मेथीपलीकडे काही पेरलं नव्हतं, तरी ऐकताना मला घाम फुटायचा.

पंच्याण्णवच्या सुमारास काकूंचं हाडांचं दुखणं बळावलं. सांगलीच्या डॉक्टरांनीही हात टेकले. काकूंचा डोळा म्हणून लागेना. शेवटी एका वैद्यांनी दुधात उकळायला वाळलेल्या भांगेची पुडी दिली. काकांनी त्यांचा परवाना तीनदा वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला. मग रोज दुपारी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून ते भिंगाखाली एकेक पान तपासू लागले. आतून काकू कण्हत विचारायच्या, "आवं, झालं का?"

"थांब. तपास चाललाय."

एका दुपारी मी शेजारीच बसलो होतो. भिंग थांबलं. पानांत बोटाच्या पेराएवढा शेंडा होता, फुलांसकट. काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आत काकू कण्हल्या. काकांनी भिंग खिशात टाकलं आणि सगळं गोळा करून दुधाच्या पातेल्यात सोडलं.

"भिंगाला चरा पडलाय, मास्तर. कायबी दिसत न्हाई."

"मलाही चष्मा बदलायला झालाय," मी म्हणालो.

त्या दिवशी काकू दिवेलागणीपर्यंत झोपल्या, आणि काका उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करत होते.

दिवाळीआधी काकू गेल्या. पुढच्या पावसाळ्यात आमची अंबाडी कमरेएवढी वाढली, पण कुंपणावरून कुणी वाकलं नाही. भाजीची वाटी मी स्वतः घेऊन गेलो. काकांनी ती न हुंगता खाल्ली, आणि मला फार वाईट वाटलं.