बारा लाखांतला एक

तो सैन्यात न्हावी होता. अठ्ठावीस वर्षांत त्यानं हजारो जवानांची डोकी भादरली, पण बंदूक काही चालवली नाही. तरी दरवर्षी पेपरात देशाच्या सैन्यबळाचा तक्ता आला, की भूदलाच्या आकड्यावर बोट ठेवून तो बायकोला ऐकवायचा, "बारा लाख! त्यातला एक मी."

"बाकीच्यांना केवढा धीर येत असेल!" असं म्हणून ती भाजी निवडत राहायची.

यंदा तो निवृत्त झाला. महिनाभरानं तक्ता आला. रणगाडे तेवढेच, जहाजं तेवढीच, आणि भूदल? पुन्हा बारा लाख! स्वारी जी घुश्श्यात गेली, ती चहालाही हात लावेना. "अख्खा माणूस कमी झाला आणि यांना पत्ताच नाही!" पेपरवाल्यांना खरमरीत पत्र लिहायला त्यानं कागद पुढे ओढला.

बायकोनं तो हळूच काढून घेतला. "अहो, गप्प बसा. तुम्ही घरी आलात, हे मुद्दाम लपवलंय त्यांनी. शत्रूला कळलं तर?"

तो उठला आणि त्यानं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.