एक्केचाळिसावी दुरुस्ती

लॅबच्या बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. बावीस वर्षं तेच कॉलेज, तोच तिसरा मजला, आणि जिना काही कमी होत नव्हता. कठड्याला धरून त्या आडव्या आडव्या चढायच्या. वर पोचल्यावर कुणी काही विचारलं तर म्हणायच्या, "थांब बाबा, आधी मला माणसात येऊ दे."

त्या दिवशी पोरं थांबली नाहीत. चार मुलं आणि एक मुलगी, पाचही जणं दारातच उभी.

"बाई, राखणदारानं आपल्याला हाकललं," त्यांच्यातला पुढारी म्हणाला. सगळ्यांच्या आधी बोलायचा, म्हणून पोरांनीच त्याला हे नाव ठेवलेलं.

वाचनालयांतली पुस्तकं कुणाकडे गेली, कुणाचा नंबर कितवा, याची नोंद ठेवणारा एक फुकटातला प्रोग्रॅम आहे. ठिकठिकाणची माणसं तो मिळून लिहितात. कुणीही दुरुस्ती धाडावी, आणि प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यानं ती वाचून, पटली तर आत घ्यावी. तो सांभाळणारा म्हणजे राखणदार. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. दिवसा कुठंतरी नोकरी करतो आणि सुट्टीला हे निस्तरतो, एवढंच ठाऊक. या वर्षी बाईंच्या पाच पोरांचा प्रोजेक्ट हाच होता.

मध्येच हेडसाहेबांचा फतवा आला. प्रत्येकाच्या नावावर आठ दुरुस्त्या मान्य झालेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर गुण नाहीत आणि वर्ष गेलं. बाईंनी तेव्हाच भांडायला हवं होतं. पण भांडायला दम लागतो, आणि त्यांचा दम जिन्यातच संपायचा. त्यांनी सोपी वाट धरली. प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेत कुठं टिंब राहिलेलं, कुठं एकच शब्द दोनदा आलेला, अशा चाळीस बारीक चुका सापडल्या. एकदम धाडल्या असत्या तर एकच दुरुस्ती झाली असती. बाई म्हणाल्या, "सुट्या सुट्या धाडा. आठ आठ वाटून घ्या."

पोरांनी धाडल्या. सगळी खोगीरभरती. राखणदारानं चाळीसच्या चाळीस परत केल्या आणि यापुढं या कॉलेजचं काही घेणार नाही म्हणून दार लावून घेतलं. त्याच ढिगात एक्केचाळिसावीही होती, आणि तीही गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसलं झालं.

ती एक्केचाळिसावी मौनीची. मौनी म्हणजे टीममधली मुलगी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. कॉलेज सुटल्यावर ती एका वाचनालयात काम करायची. तिथं एक रिटायर ड्रायव्हर एका पुस्तकासाठी आठ महिने खेपा घालत होता आणि मागून आलेले लोक ते पुस्तक वाचून परत करत होते. मौनीनं शोधलं, तर वाचकानं फोन नंबर बदलला की प्रोग्रॅम त्याला गुपचूप रांगेच्या शेपटाला नेऊन उभा करत होता. ती चूक हुडकून दुरुस्त करायला तिला तीन महिने लागले.

"तुझी उघडून तरी बघितली का त्यानं?" बाईंनी विचारलं.

मौनीनं मान हलवली. "नाही."

बाई स्टुलावर बसल्या.

पुढाऱ्यानं माफीचं पत्र आधीच लिहून आणलं होतं. त्यात 'आदरणीय', 'थोर', 'आपल्या चरणी' असं बरंच होतं.

"चरण कशाला मध्ये आणलेस?" बाई म्हणाल्या. "आधीच त्याचं डोकं दुखतंय. सरक."

त्यांनी स्वतः लिहिलं. वाटून धाडायला मी सांगितलं, पोरांनी ऐकलं. चाळीस केरात टाका. एक्केचाळिसावी तेवढी वाचा, ती खरी आहे. खाली सही.

"एवढंच?" पुढारी म्हणाला. "बाई, हे फारच कोरडं वाटतंय."

"मग काय तूप सोडू त्यावर?"

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'तुमची टिंबं वाचण्यात माझे दोन रविवार गेले. एक्केचाळिसावी आता वाचली. बरोबर आहे, पण अर्धी. एकाच पुस्तकाच्या रांगेतल्या दोघांनी एकाच दिवशी फोन नंबर बदलला, तर पुढं कोण? ते करून धाडा. बाकीच्यांनीही एकेकच आणा, पण खरी. वाचीन.'

मौनीनं ते दोनदा वाचलं. "हे मला सुचलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. तिला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी दुरुस्ती आत गेली. कौतुकाचा शब्द नाही, नुसतं 'घेतली'. पुढाऱ्याला ते फार लागलं. मौनीनं घड्याळ बघितलं आणि ती वाचनालयाच्या कामाला निघून गेली.

बाई मान्य झालेल्या दुरुस्तीचा कागद घेऊन हेडसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाच पोरं आणि दुरुस्ती एक?"

"एकच. बाकीचे चौघे महिनाभरात एकेक आणतील."

"बाई, नियम आठचा आहे. त्या मुलीच्याही सात कमी पडतात. मी गुण कसे देऊ?"

"आठच्या नियमापायीच चाळीस वेळा त्या माणसाचा जीव खाल्ला, साहेब. वाटणी मी करून दिली. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. पण तिचं वर्ष जाता कामा नये."

"हे बघा, मला आता मीटिंग आहे. याचं आपण नंतर बघू."

नंतर बघू हे बाईंनी बावीस वर्षं ऐकलं होतं, आणि दरवेळी 'बरं' म्हणून त्या जिना उतरल्या होत्या. आज गुडघे ठणकत होते. त्यांनी समोरची खुर्ची ओढली, साहेबांनी बसा म्हणायची वाट न बघता बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

"जाऊन या मीटिंगला," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे."