शहाणा झाला, म्हणालो आम्ही

कुत्रा भुंकायचा थांबला की लोक त्याला शहाणा म्हणतात. मला याची चीड येते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाचं पत्रक मीच लिहिलंय: खाणं कमी, झोप जास्त, खेळण्याकडे पाठ, कोपरा धरून बसणं, असं दिसलं तर डॉक्टर गाठा. शनिवारी स्वोर्ड्सच्या बाजारपेठेत उभी राहून मी ते वाटते. लोक घेतात, दुमडतात, खिशात घालतात.

आणि इथे परदेशात, सँडीफोर्ड भागातल्या आमच्याच फ्लॅटमध्ये मला ते दिसलं नाही.

आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती. दादा-वहिनी ऑफिसात, मी बाहेर. दिवसभर घरात ती आणि आमचा कुत्रा. आधी ती त्याच्यापासून चार हात लांब असायची. मग पहिली पोळी त्याची ठरली. फुंकर घालून, तुकडे करून. "काहून रे राजा, भूक नाही काय तुले?" व्हिसाची मुदत संपली, आम्ही तिला विमानतळावर सोडून आलो.

त्या दिवसापासून भुंकणं बंद. इमारतीच्या व्यवस्थापनाची आधी दोनदा तक्रार आलेली, त्यामुळे दादा खूश. "बघ, ट्रेन झाला शेवटी! घरून मीटिंग घेतली तरी चूं नाही." वहिनी म्हणाली, "आईंनी लाडावला होता, आता आला ताळ्यावर." मीही हसले.

पुढच्या आठवड्यात पट्टा बांधताना गळ्याशी माझी चार बोटं सहज आत गेली, एरवी दोनच जायची. तेव्हा वाटीकडे पाहिलं. वाटी भरलेली. कुत्रा आईच्या खोलीच्या दारात.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. शरीरात काही बिघाड नव्हता. "त्याचं माणूस गेलंय. ठरल्या वेळी फिरवा, जबरदस्ती नको, वाट बघा."

"वाट बघा? एवढंच?" मी भांडायलाच उठले.

"वजन आणखी उतरलं तर औषधाचं बघू."

वाट बघणं मला येत नाही. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचा आवाज ऐकताच तो ताडकन उठला आणि तिच्या खोलीत धावला. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, बाथरूमच्या दाराला नाक लावून उभा राहिला. मग येऊन फोन हुंगला आणि मान वळवली.

"दिसली काय मी त्याले?" आई विचारत होती.

"हो गं, किती खूश झाला!" दादा म्हणाला.

तीन दिवस आम्ही हेच केलं. ती धावपळ आम्हाला सुधारणा वाटत होती. मूर्ख आम्ही, आणि त्यात शिकलेली मूर्ख मी. चौथ्या दिवशी तो पाण्यालाही तोंड लावेना, तेव्हा मी आईला खरं सांगितलं: तो खूश होत नाही, तुला शोधत फिरतो.

ती म्हणाली, "म्हणजे माझा आवाजच नको काय त्याले?"

त्याच्यासमोरचे कॉल मी बंद केले. पाणी तो पुन्हा प्यायला लागला, पण वजन उतरतच राहिलं. औषध सुरू झालं. गुण यायला वेळ लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती ते नाही सांगितलं.

आता मी खाली जिन्यात जाऊन आईशी बोलते. दोन मजले, तीन दारं मध्ये आहेत, त्याला ऐकू येत नाही, मोठ्याने बोल, असं रोज सांगते. ती तिकडे नागपुरात बसून कुजबुजतेच.

"खाल्लं काय त्यानं?"

"नाही गं."