वहिनीची इंग्रजी गाणी

"इंग्रजी बोलाले शिकली का नेतो म्हणते नवरा तिले," आई शेजारच्या बाईला हळू आवाजात सांगत होती. "म्हणून ठेवलं आमच्याकडं."

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. स्वयंपाकघर एवढंसं. ओट्याखाली तांदूळ निवडत बसलेल्या वहिनीला ते ऐकू गेलंच असणार. तिने मान वर केली नाही. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. वडसाकडच्या, झाडीपट्टीतल्या धानाच्या गावातली, मराठी शाळेत शिकलेली. दादाला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. तिथे त्याच्या मित्रांच्या बायका इंग्रजी बोलत, म्हणून हिला त्याने आमच्याकडे आणून सोडलं. इंग्रजी शाळेत जाणारी घरात मीच. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला कुणी विचारलं नाही. मोठ्यांपुढे माझा आवाज निघतच नसे.

आधी पुस्तकातून शिकवून पाहिलं. ती वाक्यं पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मग मी माझ्या कॅसेट काढल्या. शाळेतलं इंग्रजी म्हणजे प्रार्थना आणि प्रश्नोत्तरं. कुणाला मनातलं काही सांगावं, असं इंग्रजी मला आलं ते परदेशी प्रेमगीतांतूनच. डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत ओळी छापलेल्या असत. एक ओळ ऐकायची, बटण दाबायचं, शब्दकोश उघडायचा. काळही मला तिथेच कळले. त्या गाण्यांत वचन दिलेलं असायचं भूतकाळात आणि परत येणं कायम भविष्यकाळात.

वहिनीला ते लगेच उमगलं. "हे तं आपल्या झाडीच्या नाटकासारखंच आहे वं," ती म्हणाली. "तो सोडून जाते, ते रडत राह्यते."

तिच्या गावात हिवाळ्यात नाटकं लागत आणि लहानपणापासून ती मंडपात अगदी पुढे बसून ती पाहत आलेली. त्यामुळे इंग्रजी ओळही ती तशीच म्हणायची, भांडी घासताना, वरच्या पट्टीत, शेवटचा शब्द लांबवून. भिंतीपलीकडून शेजारची बाई विचारायची, "कोण मेलं वं तुमच्याकडं?" वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. लाइन गेली की टेप बंद पडायचा. मग अंधारात पुढची ओळ ती आपणच पुरी करायची, आणि ती बरोबर असायची.

थंडी ओसरता ओसरता दादा आला. बैठकीत बाबांशेजारी बसून त्याने तिला समोर उभं केलं.

"समज, माहे साहेब आले घरी. बोल काय म्हणशील त्यायले."

वहिनीने पदर सारखा केला. आत या, बसा, चहात साखर किती घालू, यातलं कुठल्याच गाण्यात काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत, सावकाश, एकही चूक न करता ती म्हणाली की मी रोज खिडकीपाशी तुझी वाट पाहते, दिवस फार मोठे झालेत, मला घरी कधी नेशील? या वेळी तिने सूर लावला नव्हता.

दादा हसला. "साहेबापुढं असं म्हणशील काय? इथी तं ड्रामा कंपनीच उघडली, काका."

बाबाही थोडंसं हसले.

"राहू द्या अजून उन्हाळ्यापर्यंत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "चहापाण्याचं तरी शिकव वं हिले." त्याने घड्याळ पाहिलं. संध्याकाळची गाडी पकडायची होती.

आई आत निघून गेली. वहिनी तिथेच उभी राहिली. तिने सकाळीच भरून ठेवलेली बॅग दाराआड होती. मी बसले होते तिथून ती दिसत होती, दादाला नाही. मला वाटलं, बाबा काही म्हणतील. बाबांनी वर्तमानपत्र उचललं. दादा वाकून बुटाच्या नाड्या बांधू लागला.

"दादा," मी म्हणाले, "वहिनीनं तुले काहीतरी विचारलं. त्याचं उत्तर देऊन जा."